स्वादुपिंडाचा तीव्र दाह आणि ‘सैनिकी’ भाषा : मराठी आरोग्यलेखनातील एका रूपकाची चिकित्सा

सारांश

मराठीतील आरोग्यविषयक लेखनात रोगप्रतिकारक पेशींचे वर्णन बहुधा ‘शरीराचे सैनिक’ असे केले जाते. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात मात्र सुरुवातीला बाहेरून आलेला जंतू नसतो, आणि तरीही याच पेशींच्या अतिरेकी प्रतिसादामुळे रुग्णाचे प्राण धोक्यात येतात. प्रस्तुत लेखात या आजाराच्या आधारे सैनिकी रूपकाची चिकित्सा केली आहे. त्यासाठी महाड येथील विंचूदंशावरील संशोधनाचा दाखला घेतला असून महाड-पोलादपूर परिसरातील कृषिजीवनातून पर्यायी भाषा मिळू शकते का, याचाही विचार केला आहे.

बीजशब्द : रूपक, दाह, स्वादुपिंड, रोगप्रतिकारक पेशी, आरोग्यलेखन, राब, विंचूदंश.

प्रस्तावना

साहित्याच्या अभ्यासकाने वैद्यकाच्या प्रांतात का शिरावे, असा प्रश्न या लेखाचे शीर्षक वाचून सहजच उपस्थित होईल. वैद्यकातील ज्ञान सामान्य माणसापर्यंत भाषेतूनच पोहोचते आणि भाषेची चिकित्सा हे साहित्यसमीक्षेचे कार्यक्षेत्र आहे, हे त्याचे एक उत्तर. दुसरे उत्तर वैयक्तिक आहे आणि लेखाचा हेतू स्पष्ट व्हावा म्हणून ते येथे नमूद करणे आवश्यक वाटते.

काही वर्षांपूर्वी पोलादपूर तालुक्यातील माझ्या मामांना पित्तखड्यांमुळे स्वादुपिंडाचा तीव्र दाह झाला. पोटात उठलेली कळ पाठीपर्यंत गेली. तालुक्याच्या गावाहून महाडला आणि तेथून महामार्गाने मोठ्या शहरातील एका रुग्णालयात त्यांना हलविण्यात आले. दुसऱ्या दिवशी रक्ताचा अहवाल आला. पांढऱ्या पेशी पुष्कळ वाढल्या होत्या. तेथील एका कर्मचाऱ्याने धीर देण्यासाठी सांगितले, ‘‘चांगले आहे, त्यांचे सैन्य लढते आहे.’’ आम्हा सर्वांना हायसे वाटले. पुढील चार दिवसांत फुफ्फुसे आणि मूत्रपिंडे निकामी होत गेली आणि सहाव्या दिवशी मामा गेले. नंतर समजले की, तोपर्यंत कोणताही जंतुसंसर्ग आढळला नव्हता. दिवसकार्य आटोपल्यावर मामींनी मला विचारले, ‘‘जंतूच नव्हता म्हणता, मग ते इतके दिस लढले कुणासंगं?’’

या प्रश्नाचे उत्तर त्या वेळी माझ्याजवळ नव्हते. प्रस्तुत लेख त्या उत्तराच्या शोधातून लिहिला गेला आहे. तो वैद्यकीय सल्ल्याचा लेख नाही. एका रूपकाने आपल्या आकलनाला कोठे मदत केली आणि कोठे दगा दिला, हे तपासणे एवढाच त्याचा मर्यादित हेतू आहे.

१. रूपकाची घडण

रोगप्रतिकारक पेशींच्या आधुनिक अभ्यासाचा प्रारंभ सांगताना रशियन प्राणिशास्त्रज्ञ एली मेच्निकॉफ यांचे नाव अपरिहार्यपणे घेतले जाते. १८८२ मध्ये सिसिली बेटावरील मेसिना येथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत गुलाबाचा काटा टोचला. दुसऱ्या दिवशी त्या काट्याभोवती फिरत्या पेशी गोळा झालेल्या त्यांना दिसल्या. या कार्यासाठी १९०८ मध्ये त्यांना पॉल एर्लिख यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. येथे एक बाब विशेष लक्षात घेतली पाहिजे. मेच्निकॉफ यांच्या विचाराचे मूळ कनिष्ठ प्राण्यांच्या पचनक्रियेच्या अभ्यासात होते. पेशी अन्नकण गिळून आतल्या आत पचवितात, हे त्यांनी आधी पाहिले होते. तीच पेशी काटा किंवा जंतूही गिळू पाहते, हा त्यांचा तर्क होता. म्हणून या पेशींच्या नावात ‘खाणे’ या अर्थाचा ग्रीक धातू आला. मराठीतील ‘भक्षकपेशी’ या संज्ञेने तो अर्थ नेमकेपणाने जपला आहे. परंतु लोकप्रिय लेखनात भक्षक मागे पडला आणि सैनिक पुढे आला.

असे का घडले असावे? एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पाश्चर आणि कॉख यांच्या संशोधनामुळे अनेक रोगांचे कारण म्हणून जंतू सिद्ध झाला. जंतू हा शत्रू ठरल्यावर शरीर हा किल्ला आणि पेशी ही शिबंदी ठरणे स्वाभाविकच होते. अमेरिकन लेखिका सुसान सोनटॅग यांनी १९७८ च्या ‘इलनेस अ‍ॅज मेटाफर’ या ग्रंथात आजारांना चिकटलेल्या अशा रूपकांवर कठोर टीका केली. १९८९ मध्ये एड्सच्या संदर्भात त्यांनी हीच मांडणी पुढे नेली. रूपकांमुळे रुग्णावर आजाराबरोबर अर्थाचेही ओझे पडते, हा त्यांच्या विवेचनाचा गाभा आहे.

मराठीत या रूपकाला अधिक सुपीक भूमी मिळाली. ‘रोगप्रतिकारशक्ती’ या शब्दातच ‘प्रतिकार’ आहे. त्याच्या लॅटिन पर्यायाचा मूळ अर्थ कर किंवा सार्वजनिक कर्तव्यातून मिळणारी सूट असा होता. त्या मूळ अर्थात लढाई नाही. मराठी संज्ञेत मात्र प्रतिपक्ष गृहीतच धरलेला आहे. त्यातच आपल्या भूप्रदेशाची भर पडते. महाड तालुक्यात रायगड आहे, पोलादपूरवरून आंबेनळी घाट चढताना प्रतापगड लागतो, आणि पोलादपूर तालुक्यातील उमरठ येथे तानाजी मालुसरे यांची समाधी आहे. येथील विद्यार्थ्याला ‘सैनिक’, ‘गड’, ‘शत्रू’ हे शब्द समजावून सांगावे लागत नाहीत. वर्गात प्रतिकारक पेशी शिकविताना शिक्षक गडाचे उदाहरण देतात, आणि मुलांना ते चटकन पटते. रूपकाचे हे बळ मान्य केलेच पाहिजे. लस म्हणजे काय, ताप का येतो, जखमेत पू का होतो, हे या रूपकाने पिढ्यान्‌पिढ्या समजावले आहे. प्रश्न आहे तो जेथे शत्रूच नसतो अशा आजारांचा.

२. स्वादुपिंडात प्रत्यक्ष काय घडते

स्वादुपिंड जठराच्या मागे आडवे वसलेले असते. मराठीत त्याला ‘स्वादुपिंड’ म्हणतात, तर हिंदीत ‘अग्न्याशय’. या आजाराच्या संदर्भात हिंदी नाव अधिक बोलके वाटते. हे इंद्रिय रक्तातील साखरेचे नियमन करणारे इन्सुलिन तयार करते, तसेच प्रथिने आणि स्निग्ध पदार्थ पचविणारी विकरेही तयार करते. यांतील प्रथिने पचविणारी विकरे स्वादुपिंडात निष्क्रिय स्वरूपात साठविलेली असतात. ट्रिप्सिनोजेनचे ट्रिप्सिन होते ते लहान आतड्याच्या पहिल्या भागात पोहोचल्यावर. पित्तखड्याने मार्ग अडला, मद्याचा दुष्परिणाम झाला किंवा रक्तातील मेद अतोनात वाढला, तर ही विकरे पेशीच्या आतच वेळेआधी सक्रिय होऊ शकतात. स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागते, ही कल्पना हान्स कियारी यांनी १८९६ मध्येच मांडली होती.

दीर्घकाळ संशोधकांचे लक्ष या स्वयंपचनावरच केंद्रित होते. परंतु केवळ विकरांमुळे रुग्णाची फुफ्फुसे का निकामी व्हावीत, याचे समाधानकारक उत्तर मिळत नव्हते. १९८८ मध्ये हाइन्रिख रिंडरक्नेख्ट यांनी स्वादुपिंडदाहातील मृत्यू हा पांढऱ्या पेशींच्या अतिउत्तेजनाचा परिणाम तर नव्हे ना, असा प्रश्न आपल्या लेखाच्या शीर्षकातच विचारला. पुढील काळातील संशोधनाने या प्रश्नाला पुष्कळ अंशी होकारार्थी उत्तर दिले आहे.

हा घटनाक्रम थोडक्यात असा सांगता येईल. इजा झालेल्या स्वादुपिंडपेशी फुटतात आणि एरवी पेशीच्या आत असणारे पदार्थ, उदाहरणार्थ डीएनएचे तुकडे, हिस्टोन व काही केंद्रकीय प्रथिने, बाहेर सांडतात. प्रतिकारक पेशींच्या पृष्ठभागावरील व अंतर्भागातील ग्राहके या पदार्थांना ‘धोक्याची खूण’ समजतात. जंतू ओळखणारी काही ग्राहके हीच असल्याने जंतू नसतानाही तसाच प्रतिसाद उमटतो. प्रथम न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी मोठ्या संख्येने येतात. त्या तीव्र रासायनिक द्रव्ये सोडतात. स्वतःच्या डीएनएची जाळी बाहेर फेकण्याची त्यांची क्षमता २००४ मध्ये उघडकीस आली. जंतू अडकविण्यासाठी उपयुक्त असणारी ही जाळी स्वादुपिंडाच्या सूक्ष्म नलिकांत साचून त्या नलिकाच तुंबवू शकते, असेही पुढे दिसून आले. प्राण्यांवरील प्रयोगांत तर न्यूट्रोफिल कमी केल्यास ट्रिप्सिनचे सक्रियीकरण आणि ऊतींची हानी कमी होते, असे आढळले आहे. म्हणजे इजेमुळे आलेल्या पेशी मूळ इजेतच भर घालतात.

पाठोपाठ मोनोसाइट येतात आणि त्यांचे महाभक्षी पेशींत रूपांतर होते. या पेशी टीएनएफ-अल्फा, इंटरल्युकिन-१, इंटरल्युकिन-६ यांसारखे संदेशवाहक पदार्थ सोडतात. फुटलेल्या पेशींचा मलबा गिळताना त्यांच्या पोटात ट्रिप्सिनोजेनही जाते आणि तेथेही ते सक्रिय होऊ शकते, असे २०१८ मधील एका प्रायोगिक संशोधनात दिसून आले. हे संदेशवाहक पदार्थ रक्तातून सर्वत्र पसरले की रक्तवाहिन्यांच्या भिंती पाझरू लागतात, फुफ्फुसांत न्यूट्रोफिल साचतात आणि श्वसन कोलमडते. ज्या इंद्रियाला मूळ इजा झालेलीच नव्हती, तेही अशा रीतीने निकामी होते.

यानंतर चित्र उलटते. अतिरेकी प्रतिसादाच्या जोडीने त्याला आवर घालणारी यंत्रणाही सुरू होते. मोनोसाइटच्या पृष्ठभागावरील आवश्यक खुणा घटतात, लसिकापेशींची संख्या कमी होते आणि शरीर अक्षरशः उघडे पडते. साधारणपणे पुढील आठवड्यांत आतड्यातील जिवाणू मृत ऊतींत शिरतात आणि खरा जंतुसंसर्ग होतो. याच महाभक्षी पेशींचा एक वर्ग दुरुस्तीचे कामही करतो, मलबा दूर करतो आणि नवी ऊती घडण्यास साहाय्य करतो.

येथे हेही सांगितले पाहिजे की, हा आजार होणाऱ्या सुमारे ८० टक्के रुग्णांत तो सौम्य राहतो आणि काही दिवसांत शमतो. २०१२ मध्ये सुधारित झालेल्या अटलांटा वर्गीकरणानुसार ४८ तासांहून अधिक काळ एखादे इंद्रिय निकामी राहिले तरच आजार ‘तीव्र’ गटात मोडतो. म्हणजे हाच प्रतिसाद बहुसंख्य रुग्णांत मर्यादेत राहतो, आणि थोड्यांत ती मर्यादा ओलांडली जाते.

३. रूपक कोठे अपुरे पडते

वरील घटनाक्रमाशी सैनिकी रूपक ताडून पाहिले असता त्याच्या चार उणिवा स्पष्ट होतात.

पहिली उणीव शत्रूविषयी आहे. या आजाराच्या पहिल्या टप्प्यात शत्रू नसतो. मामींचा प्रश्न नेमका येथेच बोट ठेवतो. शत्रूवाचून सैन्याची कल्पना करता येत नाही, म्हणून ऐकणारा आपल्या मनाने शत्रू कल्पितो. तो कधी बाहेरचे खाणे असतो, कधी पाणी, तर कधी कोणाची नजर.

दुसरी उणीव संख्येविषयी आहे. सैन्य जितके मोठे तितके चांगले, हा रूपकाचा सहज निष्कर्ष आहे. प्रत्यक्षात जॉन रॅन्सन यांनी १९७४ मध्ये या आजाराची गंभीरता ओळखण्यासाठी जे निकष मांडले, त्यांत दाखल होताना पांढऱ्या पेशी १६ हजारांहून अधिक असणे हे धोक्याचे लक्षण मानले होते. आम्ही ज्या आकड्याने सुखावलो, तो आकडा इशारा देत होता. रूपकामुळे आम्ही अहवाल उलटा वाचला.

तिसरी उणीव उपचारांविषयी आहे. युद्धाच्या भाषेत कुमक पाठविणे, लवकर हल्ला करणे, भरपूर रसद पुरविणे हे शहाणपणाचे ठरते. या आजाराच्या उपचारांचा अलीकडील इतिहास मात्र वेगळाच धडा देतो. संसर्ग टाळण्यासाठी उपकारक जिवाणू द्यावेत, या कल्पनेची नेदरलँड्समध्ये चाचणी झाली. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार उपकारक जिवाणू दिलेल्या गटात १६ टक्के, तर न दिलेल्या गटात ६ टक्के मृत्यू झाले. मृत ऊती तातडीने उघड्या शस्त्रक्रियेने काढण्याऐवजी आधी नळीने निचरा करून पायरीपायरीने जावे, असे २०१० मध्ये तेथीलच दुसऱ्या चाचणीने दाखविले. गंभीर गुंतागुंत किंवा मृत्यू यांचे प्रमाण शस्त्रक्रियेच्या गटात ६९ टक्के, तर पायरीपायरीच्या गटात ४० टक्के होते. शिरेवाटे भरपूर द्रव देण्याची रीतही २०२२ मधील चाचणीनंतर मागे पडली, कारण अधिक द्रव दिलेल्या गटात २०.५ टक्के रुग्णांत द्रवाचा अतिभार झाला, तर मध्यम प्रमाणात दिलेल्या गटात तो ६.३ टक्के होता. उलट बाजूने, दाहाचा संदेश रोखणारे लेक्सिपॅफँट हे औषधही २००१ मधील २९० रुग्णांच्या चाचणीत अपेक्षेस उतरले नाही. प्रतिसाद वाढविणे घातक आणि तो सरसकट दाबणेही निष्फळ, अशी ही पेचाची स्थिती आहे. हा पेच युद्धाच्या भाषेत मांडताच येत नाही.

चौथी उणीव नैतिक स्वरूपाची आहे आणि साहित्याच्या अभ्यासकास ती सर्वांत गंभीर वाटते. लढाई म्हटली की विजय आणि पराभव आला. आपल्या वृत्तपत्रांत ‘मृत्यूशी झुंज अपयशी’ हे वाक्य ठरून गेले आहे. त्यातून नकळत असा अर्थ निघतो की, गेलेला माणूस कोठेतरी कमी पडला. आमच्या घरात बराच काळ ‘त्यांच्या अंगात ताकदच उरली नव्हती’ असे म्हटले जात होते. मामी तर आपण जेवणाखाण्यात कसूर केली काय, या विचाराने खंगल्या. वास्तविक मामांच्या शरीराचा प्रतिसाद कमी पडला नव्हता. तो मर्यादेबाहेर गेला होता. ही गोष्ट त्यांना कोणी नीट सांगितली असती तर दुःख कमी झाले नसते, पण अपराधाची भावना तरी टळली असती.

२०२० आणि २०२१ या वर्षांत ‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा मंत्र घरोघरी पोहोचला होता, हे या संदर्भात आठवते. त्याच काळात, म्हणजे जून २०२० मध्ये, ब्रिटनमधील मोठ्या चाचणीने दाखविले की, कृत्रिम श्वसनावरील कोविड रुग्णांचे मृत्यू प्रतिकारक प्रतिसाद शमविणाऱ्या डेक्सामेथासोनमुळे सुमारे एकतृतीयांशाने घटतात. ज्यांना प्राणवायूची गरज नव्हती त्यांना मात्र त्याचा लाभ झाला नाही. काढ्याच्या जाहिराती आणि अतिदक्षता विभागातील उपचार यांतील हा विरोध मराठी लेखनाने वाचकांना क्वचितच उलगडून दाखविला.

४. महाडचा दाखला : विंचूदंश

आपल्याच शरीराच्या प्रतिसादाने माणूस मरतो, ही गोष्ट समजावण्यासाठी महाडकरांना दूर जावे लागत नाही. डॉ. हिंमतराव बावस्कर हे १९७६ च्या सुमारास महाडजवळील बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. त्या काळी लाल विंचवाच्या दंशाने, विशेषतः मुलांचे, मृत्यू होत असत. बावस्करांनी रुग्णांच्या खाटेजवळ बसून लक्षणांची बारकाईने नोंद केली आणि १९८२ मध्ये हृदयासंबंधीच्या पूर्वलक्षणांवरील त्यांचा लेख ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाला. १९८६ मध्ये त्याच नियतकालिकात त्यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग मांडला. २०११ मध्ये प्रतिविष व प्राझोसिन यांच्या एकत्रित वापराची त्यांची चाचणी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आली. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते प्राझोसिनचे कार्य. विंचवाचे विष मज्जातंतूंच्या पेशींतील सोडियमचे मार्ग उघडे ठेवते. त्यामुळे रुग्णाच्याच शरीरातील अ‍ॅड्रेनॅलिनसारखी द्रव्ये प्रचंड प्रमाणात बाहेर पडतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयावर ताण येतो आणि फुफ्फुसांत पाणी भरते. रक्तदाबासाठी वापरले जाणारे हे स्वस्त औषध विषाला हात लावीत नाही. ते शरीराच्या प्रतिसादाची एक वाट अडविते आणि तेवढ्यानेच अनेकांचे प्राण वाचतात. ‘शत्रूला मारा’ या भाषेत हा उपचार बसत नाही, तरी महाडच्या खेड्यापाड्यांत त्याची परिणामकारकता लोकांनी डोळ्यांनी पाहिली आहे.

येथे दोन्ही घटना एकच आहेत असे सुचवायचे नाही. विंचूदंशात मज्जासंस्था आणि संप्रेरके प्रमुख असतात, स्वादुपिंडदाहात प्रतिकारक पेशी. मात्र त्यांच्यात एक प्रत्यक्ष दुवाही आहे. त्रिनिदाद बेटावरील एका जातीच्या विंचवाच्या दंशाने स्वादुपिंडाचा तीव्र दाह होतो, असे १९७० मध्येच नोंदविले गेले. त्या विषाने स्वादुपिंडाला अतोनात उत्तेजना मिळते.

मराठी परंपरेतही विंचू नवा नाही. एकनाथांच्या भारुडातील विंचू काम-क्रोधाचा आहे. माणसाला ग्रासणारे संकट त्याच्या आतलेच असू शकते, हा विचार त्या भारुडाने सोळाव्या शतकात गावोगावच्या श्रोत्यांपुढे ठेवला. तेव्हा ‘आतला धोका’ ही कल्पना मराठी मनाला परकी आहे, असे म्हणता येणार नाही.

५. ‘आपला’ आणि ‘परका’

सैनिकी रूपकाच्या मुळाशी ‘आपला’ आणि ‘परका’ हा भेद आहे. प्रतिकारशास्त्रातही फ्रँक मॅकफार्लेन बर्नेट यांनी ‘स्व’ आणि ‘पर’ यांच्या ओळखीची मांडणी रूढ केली. १९६० मध्ये त्यांना पीटर मेडावार यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु १९९४ मध्ये पॉली मॅट्झिंगर यांनी वेगळा सिद्धांत मांडला. प्रतिकारयंत्रणा परकेपणापेक्षा धोक्याला, म्हणजे पेशींच्या इजेला, प्रतिसाद देते, असे त्यांचे म्हणणे होते. या सिद्धांतावर मतभेद असले तरी स्वादुपिंडदाहासारख्या जंतुविरहित दाहाचा अर्थ त्याने अधिक चांगला लागतो. येथे पेशींना चेतविणारे पदार्थ ‘आपले’च असतात, तर आतड्यात अब्जावधी ‘परके’ जिवाणू एरवी सुखाने नांदत असतात.

महाडमध्ये बसून हा भेद लिहिताना लेखणी क्षणभर थांबते. १९२३ च्या बोले ठरावानंतर महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. तरीही २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली अस्पृश्य मानलेल्या माणसांनी तेथील पाणी प्यायल्यावर तळे ‘बाटले’ म्हणून त्याच्या शुद्धीकरणाचा विधी करण्यात आला. परकेपणा म्हणजे अशुद्धता आणि अशुद्धता म्हणजे धोका, ही साखळी समाजात किती खोल रुजलेली असते, याचे हे उदाहरण आहे. शरीराविषयी लिहिताना आपण हीच साखळी सवयीने वापरतो, तेव्हा विज्ञानाच्या नावाने तिला नवे बळ मिळते. विज्ञान मात्र सांगते की, परके ते सर्व घातक नाही आणि आपले ते सर्व निर्धोक नाही. आरोग्यलेखन करणाऱ्यांनी ही जाणीव बाळगणे म्हणूनच गरजेचे ठरते.

६. पर्यायी भाषेचा शोध

मग पेशींविषयी बोलावे तरी कोणत्या भाषेत? ‘कुंपणच शेत खाते’ ही म्हण प्रथम आठवते. ती या आजाराला लागू पडल्यासारखी वाटते, परंतु तिच्यात विश्वासघाताचा आरोप आहे. रायगडाच्या १६८९ मधील पाडावाशी लोकस्मृतीने फितुरीची कथा जोडली आहे. तोच आरोप पेशींवर करणे म्हणजे सैनिकी रूपक मागच्या दाराने परत आणणे होय. पेशी फितूर होत नाही. ती जखमेत जे करते तेच येथेही करते. फरक पडतो तो प्रमाणाचा आणि स्थानाचा.

माझ्या मते आपल्या परिसरातील राबाची आग हे अधिक समर्पक रूपक ठरू शकते. महाड-पोलादपूरच्या डोंगरउतारांवर भात आणि नाचणीच्या रोपांसाठी पावसाळ्यापूर्वी राब भाजला जातो. कवळ, शेण, पातेरा पसरून तो पेटविला जातो. त्याने तणाचे बी जळते आणि जमीन रोपासाठी तयार होते. शेतकरी वाऱ्याचा अंदाज घेतो, कडेचे गवत काढतो आणि आग विझेपर्यंत जागेवर थांबतो. हीच आग वाऱ्याने डोंगरात शिरली की तिचा वणवा होतो. वणव्यानंतर उघड्या पडलेल्या उतारावर पाऊस कोसळला की माती वाहून जाते.

‘दाह’ या संज्ञेत जाळणे हा अर्थ आधीच आहे, त्यामुळे हे रूपक बाहेरून आणावे लागत नाही. मर्यादित दाह म्हणजे राब, संदेशवाहक पदार्थ म्हणजे वारा, दूरच्या फुफ्फुसांची हानी म्हणजे पलीकडच्या डोंगराला लागलेला वणवा आणि नंतरचा जंतुसंसर्ग म्हणजे उघड्या उतारावरचा पाऊस, अशी ही सांगड बसते. यात शत्रू नाही, पराभव नाही, आणि ‘आग जितकी मोठी तितकी चांगली’ असे कोणताही शेतकरी म्हणणार नाही. उपचारांचे मर्मही यातून कळते. आग सरसकट विझविल्यास राब होत नाही, आणि मोकाट सोडल्यास डोंगर राहत नाही.

७. आक्षेप आणि मर्यादा

या मांडणीवर काही आक्षेप घेता येतील. पहिला आक्षेप असा की, रूपक बदलल्याने रुग्ण वाचत नाही. हे खरेच आहे. मामांच्या बाबतीत भाषा बदलली असती तरी निकाल बदलला असता, असा माझा दावा नाही. परंतु आप्तांचे निर्णय, अपेक्षा आणि नंतरचे जगणे भाषेवर अवलंबून असते. पेशींचा वाढलेला आकडा आम्हाला धोक्याचा वाटला असता, तर आम्ही डॉक्टरांना वेगळे प्रश्न विचारले असते आणि मुंबई-पुण्यातील नातेवाइकांना ‘सावकाश या’ असे कळविले नसते.

दुसरा आक्षेप राबाच्या रूपकावरच आहे. आग स्वतः दुरुस्ती करीत नाही, महाभक्षी पेशी मात्र दाहही वाढवितात आणि डागडुजीही करतात. शिवाय राब पेटविणारा शेतकरी आगीपासून वेगळा असतो, शरीरात असा वेगळा कोणी नाही. हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच एका रूपकाच्या जागी दुसरे बसवून काम भागत नाही. लेखकाने रूपक वापरावे आणि ते कोठे संपते हेही त्याच ठिकाणी सांगावे, ही अपेक्षा अधिक रास्त आहे.

तिसरा आक्षेप पारिभाषिक शुद्धतेचा आहे. रूपके टाळून केवळ संज्ञा वापराव्यात, असे काहींना वाटेल. १९६० मध्ये स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश आणि १९६६ पासून कार्यरत असलेली मराठी विज्ञान परिषद यांनी मराठीला समृद्ध शब्दसंपदा दिली, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. तथापि ‘प्रतिकार’, ‘दाह’, ‘भक्षक’ या संज्ञाही मुळात रूपकेच आहेत. रूपकापासून सुटका नाही, निवड मात्र आहे.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. सैनिकी रूपक जंतुजन्य रोग समजावण्यास उपयुक्त असले, तरी स्वादुपिंडाच्या तीव्र दाहासारख्या आजारात ते दिशाभूल करते.

२. या आजारात न्यूट्रोफिल आणि महाभक्षी पेशी इजा वाढविणे, दूरच्या इंद्रियांना हानी पोहोचविणे आणि दुरुस्ती करणे अशा परस्परविरोधी भूमिका बजावतात. मराठी लेखनात या भूमिकांचा क्रम आणि प्रमाण स्पष्ट होणे आवश्यक आहे.

३. महाड येथील विंचूदंशावरील संशोधन हे प्रतिसादाचे नियमन म्हणजे काय हे समजावण्यासाठी जवळचे आणि विश्वसनीय उदाहरण आहे. महाविद्यालयीन अध्यापनात त्याचा अधिक उपयोग व्हावा.

४. राबाच्या आगीसारखी स्थानिक जीवनातील रूपके, त्यांच्या मर्यादा सांगून, वापरता येतील. विज्ञान आणि भाषा विभागांनी एकत्र येऊन असे लेखन घडविल्यास ‘बहुविद्याशाखीय’ हा शब्द सार्थ होईल.

मामींच्या प्रश्नाचे उत्तर गेल्या शिमग्याला गावी गेलो असता मी त्यांना दिले. मामा कोणाशी लढले नाहीत, त्यांच्या अंगातला राब भडकला आणि वारा आवरला नाही, असे सांगितले. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, ‘‘मग त्यांचं काय चुकलं नव्हतं.’’